झेंड्याचं बिल कोण भरतं?

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी 25 टक्के आणि मग रशियाचं तेल घेता म्हणून आणखी 25 टक्के आयातशुल्क लावलं. लगेच आपल्या स्टेटसवर आणि रील्समध्ये ‘स्वदेशी’ परत आली. राग येणं साहजिकच होतं. पण रशियाकडून आपल्यापेक्षा जास्त तेल चीन घेत होता, त्याच्यावर मात्र हा जादा कर बसला नाही. म्हणजे भांडण निव्वळ तत्त्वाचं नव्हतं. आणि आपण तरी ते तेल का घेत होतो? स्वस्त मिळत होतं म्हणून! आंतरराष्ट्रीय राजकारणात प्रत्येकाच्या एका हातात झेंडा असतो आणि दुसऱ्या हातात हिशेबाची वही.

हे समजायला निरगुडसरच्या पोराला वॉशिंग्टनला जायची गरज नाही. आपल्याच आंबेगाव तालुक्यातलं म्हाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचं गाव. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचंच नाव आहे. मुंबईच्या गिरणीत राबणारा हा बावीस वर्षांचा तरुण 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीत विलायती कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि ट्रकखाली चिरडला गेला. त्या ट्रकमागे लँकेशायरच्या गिरण्यांचा नफा उभा होता. दुसरीकडे, विलायती कापड अडलं की देशी गिरणीमालकांचा मालही खपत होता. म्हणजे स्वातंत्र्याच्या लढ्यातसुद्धा भावना आणि फायदा शेजारी शेजारी चालत होते. त्याने बाबू गेनूंचं मोठेपण कमी होत नाही. उलट एक गोष्ट स्पष्ट होते. निर्णय त्यांचा होता आणि किंमतही त्यांनी स्वतः मोजली.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1931 मध्ये, गांधीजी मुद्दाम लँकेशायरला गेले. आपल्या बहिष्काराची झळ ज्यांना बसली, त्या गिरणी कामगारांना ते भेटले आणि भारतातली गरिबी किती खोल आहे हे त्यांना समजावून सांगितलं. डार्वेनमध्ये कामगार बायांनी त्यांचं हसतमुखाने स्वागत केलं. ज्याचं नुकसान होतंय, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायची तयारी त्या राष्ट्रवादात होती.

आता आपल्या कांद्याकडे बघू. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. तेव्हा उन्हाळी कांदा बराखीत होता. 8 डिसेंबरला तर निर्यातच बंद झाली. कारण सांगितलं ते देशातल्या ग्राहकाचं, आणि ते खोटंही नव्हतं. शहरातल्या गरिबालाही कांदा परवडायला हवाच. पण लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, हेही खरं. गंमत पुढे आहे. शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला निर्यातीची मनाई असताना सरकारने स्वतःच्या मार्फत बांगलादेशाला 50 हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीला 14 हजार 400 टन कांदा द्यायला परवानगी दिली. मित्रदेश सांभाळायचे होते. म्हणजे तोच कांदा मंचरच्या बाजार समितीत शेतमाल होता आणि दिल्लीत गेल्यावर परराष्ट्र धोरण झाला. बंदी उठली 4 मे 2024 ला. आपल्या शिरूर मतदारसंघात मतदान होतं 13 मेला. अर्थ तुमचा तुम्ही लावा.

गिऱ्हाईकही गप्प बसत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये आपण अचानक निर्यात थांबवली तेव्हा बांगलादेशाने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तानचा कांदा मागवला. एकदा बिथरलेलं गिऱ्हाईक परत आणायला वर्षं जातात, हे कुठलाही टपरीवाला सांगेल.

देशासाठी झळ सोसायला शेतकरी कधीच नाही म्हणाला नाही. मुद्दा एवढाच आहे की निर्णय देशाचा असेल तर त्याचा खर्चही देशाने वाटून घ्यायला हवा. ग्राहकाला स्वस्त कांदा द्यायचा असेल किंवा शेजाऱ्याशी मैत्री टिकवायची असेल, तर दहा किलोमागे पडलेला फरक सरकारी तिजोरीतून भरून द्या. आणि बंदी घालायचीच असेल तर ती लागवडीआधी सांगा, माल काढणीला आल्यावर नाही.

मित्रांनो, तुमच्यातल्या कित्येकांची कॉलेजची फी याच कांद्यावर भरली जाते. तेव्हा पुढच्या वेळी ‘बॉयकॉट’ची पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. यात कमावणार कोण? बिल कोण भरणार? आणि भरणाऱ्याला कुणी विचारलंय का? हे विचारल्याने देशप्रेम कमी होत नाही. बाबू गेनूंच्या तालुक्यातल्या पोरांनी तर ते विचारायलाच हवेत.