‘कऱ्हा’ एक की दोन?

संगणकावर फाईलचे नाव इंग्रजीतच ठेवावे, हा सल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकला असेल. मी इंदापूर तालुक्यातून एस.टी.ने बारामतीला येणारी, घरातली कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी मराठीत टिपून घेते, मग त्या फाईलचे नाव तेवढे इंग्रजीत का? हा हट्ट भाबडा आहे असे काहीजण म्हणतात. म्हणून जरा खोलात शिरून पाहिले.

आपल्या बारामतीच्या नदीचेच नाव घ्या. ‘कऱ्हा’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो : अखंड एक अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण लिनक्सची ईएक्सटी-४ ही फाईल-व्यवस्था नावाकडे निव्वळ बाइटांची रांग म्हणून पाहते. तिच्या लेखी या दोन वेगळ्या फाईली. विंडोजच्या एनटीएफएसमध्येही तेच. अ‍ॅपलने २०१७ मध्ये आणलेली एपीएफएस मात्र दोन्हींना एकच मानते. चीड येते ती याची, की विंडोज एरवी इंग्रजीतले मोठे व लहान अक्षर एकच धरते. तेवढी सवलत आमच्या ऱ ला नाही!

लांबीचेही तसेच. ईएक्सटी-४ मध्ये नावाला २५५ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीत प्रत्येक अक्षराला, आणि काना, मात्रा, पायमोड यांनाही, वेगवेगळे तीन-तीन. म्हणजे आपल्या वाट्याला ८५ चिन्हे. एनटीएफएस बाइट न मोजता २५५ एकके मोजते. तेथे मराठी इंग्रजीच्या पंक्तीला बसते.

फाईल-व्यवस्थेने भाषेत ढवळाढवळ करू नये, असे लिनक्सचे पाठीराखे म्हणतात. मला ते अर्धेच पटते. २०१९ मध्ये आलेल्या लिनक्स ५.२ पासून ईएक्सटी-४ मध्येही अशी दोन रूपे एक मानण्याची सोय झाली, पण ती मुद्दाम सुरू करावी लागते. तोवर भार प्रोग्राम लिहिणाऱ्यावर. साठवण्यापूर्वी नाव एकाच रूपात आणणे, ज्याला एनएफसी म्हणतात, हे अनेक प्रोग्रामिंग भाषांत एका ओळीचे काम आहे.

संगणकशास्त्र शिकणाऱ्या मित्रांना म्हणूनच एक विनंती. आपला प्रोग्राम नुसते ‘टेस्ट’ असे नाव देऊन तपासू नका. ‘कऱ्हा’ घालून पाहा, दोन्ही तऱ्हांनी.