साक्षीची पूर्वतयारी

दुखणे झाकून ठेवण्याची रीत आपल्या घरांतून फार जुनी आहे. कोणी प्रकृती विचारली, की कण्हत पडलेला मनुष्यही ‘बरे आहे’ असेच म्हणतो. एरवी हे शोभते. परंतु कामावर अपघात होऊन नुकसानभरपाईसाठी साक्ष देण्याचा प्रसंग आला म्हणजे हाच संकोच अंगाशी येतो. याच्या उलट कित्येक जण आपले दुःख फुगवून सांगतात, आणि उलटतपासणीत एक अतिशयोक्ती उघडकीस आली, की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. सबब जे यथातथ्य असेल तेवढेच, पण ते सर्व, सांगावे असे आमचे मत आहे.

हा हक्क आपल्याकडे नवा नाही. 1923 चा कायदा 1 जुलै 1924 पासून अमलात आला. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. अपंगत्व कायमचे असल्यास त्यायोगे कमावण्याची शक्ती किती गेली, हे पाहण्याचे तत्त्व दोहोंत आहे. 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराच्या प्रकरणाचा निकाल दिला. चित्रपटगृहात शोभेचे काम करीत असता तो पडला व त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. हे अपंगत्व अंशतःच होय, असे मालकाचे म्हणणे होते. परंतु एका हाताने सुतारकाम होत नाही ही साधी गोष्ट मान्य होऊन ते पूर्ण अपंगत्व ठरले.

तयारी करावयाची ती हे ध्यानात ठेवून. अपघाताचा दिवस, जागा, त्या वेळी चाललेले काम, तो पाहणारी माणसे, आपले वेतन व मालकास खबर केव्हा दिली, हे क्रमवार लिहून काढावे. डॉक्टरांचे दाखले तारीखवार लावून आपले सांगणे त्यांच्याशी ताडून पाहावे. मग पूर्वी कोणते काम होत असे व आज कोणते होत नाही, किती ओझे उचलवते, किती वेळ उभे राहवते, हे आठवावे. मात्र उत्तरे पाठ करू नयेत. प्रश्न न समजल्यास पुन्हा विचारण्याची विनंती करावी, आणि ठाऊक नसेल तेथे तसे स्पष्ट म्हणावे.

ज्यांस लिहितावाचता येत नाही अशा एखाद्या गवंड्यास किंवा यंत्रावरील कामगारास आमच्या वाचकांनी यासाठी तासभर द्यावा. पण टिपण करताना शब्द त्याचेच ठेवावेत. साक्ष त्याने द्यावयाची आहे, आणि तिच्यावर त्याच्या घरची चूल अवलंबून आहे.