क्लासची फी भरता, मग शाळेच्या बैठकीला का नाही?



‘नीट’चा निकाल लागला की लातूर-नांदेडच्या क्लासच्या जाहिराती सुरू होतात आणि हदगाव, तामसा, हिमायतनगर भागातले पालक पैशांच्या जुळवाजुळवीला लागतात. हळद विकायची, सोयाबीनची पट्टी राखून ठेवायची, वेळ पडली तर सोनं गहाण टाकायचं आणि मुलाला नांदेडला खोली करून द्यायची. या कष्टांबद्दल आदरच आहे. पण हेच मूल दुसरी-तिसरीत असताना आपण त्याच्या शाळेत कितीदा गेलो होतो?

‘लातूर पॅटर्न’चं नाव आपण घेतो. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांत जादा तास आणि पुन्हा पुन्हा सराव परीक्षा घेऊन तो उभा राहिला. वाचलेलं समजणाऱ्या मुलाला त्याचा फायदा होतो. ज्याला पाचवीत धडा अडखळत वाचावा लागतो आणि तरी घरी कुणाला त्याचा पत्ता नसतो, त्याचं नुकसान अकरावीच्या फीनं भरून निघत नाही.

शाळेत लक्ष घालायची वाट कायद्यानंच दिली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यानुसार जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत कामकाजावर व अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवण्याचा आणि शाळा विकास आराखडा करण्याचा अधिकार तिला आहे. मुलाची हजेरी आणि प्रगती पालकांना नियमित बैठक घेऊन सांगणं हे शिक्षकांचं कर्तव्यही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. गावोगाव मात्र यातलं बरंच रजिस्टरवर सह्या घेऊन उरकतं. सही आईची, बोलणार सरपंचांचा माणूस आणि चर्चा रंगरंगोटीची.

“आम्ही अडाणी, आम्हाला त्यातलं काय कळतंय?” असं अनेक आयाबाया म्हणतात. आज शाळेत काय वाचलं ते मुलाला मोठ्यानं वाचायला लावून ऐकायला अक्षरओळख लागत नाही. मूल अडखळलं की कानाला कळतंच. सोयाबीन काढणीत किंवा कापूस वेचणीत मुलीला धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवायचं नाही, हे ठरवायलाही पदवी लागत नाही.

शिकवण्याची जबाबदारी पालकांवर ढकलू नका, असं कुणी म्हणेल. म्हणणं रास्त आहे. शिकवायचं काम शिक्षकांचंच. पण शिक्षकाची जागा रिकामी असेल किंवा त्यांना इतर कामांना जुंपलं असेल, तर ते विचारणार कोण? बैठकीला बसलेला पालकच.

म्हणून शाळांना विनंती आहे की समितीची बैठक सकाळी अकराला न ठेवता शेतातून माणसं परतल्यावर संध्याकाळी ठेवावी. किती मुलांना इयत्तेप्रमाणे वाचता येतं, हा तिचा पहिला विषय असावा. आणि पालकांनो, विशेषतः वडिलांनो, या बैठका आयांवर सोडून पारावर बसू नका. अकरावीला फी भरायला तुम्ही लातूरपर्यंत जाता. गावातली शाळा त्याहून खूप जवळ आहे.

– एक पालक, हदगाव (जि. नांदेड)