आकाशात काही पाहिलं म्हणणाऱ्याला काय विचारावं?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास अकोला, अमरावती, बुलडाण्यापासून थेट चंद्रपूरपर्यंत लोक गच्चीवर, अंगणात, रस्त्यात माना वर करून उभे राहिले. आगीचे गोळे रांगेने शेपट्या सोडत आभाळ ओलांडत होते. मोबाइलवर चित्रफिती फिरल्या आणि त्यांच्यामागून तर्क निघाले. कोणी उल्का म्हणालं, कोणी क्षेपणास्त्र, कोणी कोसळणारं विमान, तर कोणी परग्रहावरचं यान. ‘काय होय बाप्पा थे?’ हाच त्या रात्री वऱ्हाडाचा प्रश्न होता.

उत्तर चंद्रपूर जिल्ह्यात जमिनीवर येऊन पडलं होतं. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं, चाळीसेक किलो वजनाचं धातूचं कडं सापडलं. पवनपारला धातूचा गोळा. काही अभ्यासकांनी आधी त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या रॉकेटवर संशय घेतला. मग अमेरिकेतल्या हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राचे जोनाथन मॅकडॉवेल यांनी हा फेब्रुवारी २०२१मध्ये सुटलेल्या चिनी चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, असं सांगितलं. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन अवशेषांची पाहणी केली.

यान म्हणणाऱ्यांची त्या रात्री पुष्कळ थट्टा झाली. ती अन्यायाची होती. त्यांनी जे पाहिलं ते खरंच घडलं होतं, आणि ती वस्तू अवकाशातूनच आली होती. फसला तो फक्त तिचा अर्थ. दावा करणाऱ्याचं पाहणं आणि त्याने लावलेला अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर माणसावर विश्वास ठेवूनही दाव्यावर शंका घेता येते.

अर्थ किती सहज फसतो, हे मार्च १९६८मध्ये दिसलं. सोव्हिएत झोंड-४ मोहिमेचे जळते अवशेष अमेरिकेच्या आभाळातून गेले. ते सुटे तुकडे पाहून काही साक्षीदारांनी ओळीने खिडक्या असलेल्या लांबट यानाचं वर्णन केलं, तेही अगदी खालून गेलेल्या. ही माणसं थापाडी नव्हती. अंधाऱ्या आभाळात अंतर मोजायला डोळ्यांना आधार नसतो. मग ठिपक्यांना ठिपके जोडून मन त्यांचा एकच आकार बनवतं.

पण शंका घेणारेही चुकतात, आणि त्यांची चूक जास्त महाग पडते. आकाशातून दगड पडला, असं फ्रान्समधल्या ल्यूसेचे शेतकरी सांगत होते. १७७२ साली लाव्हाझिएसारख्या रसायनशास्त्रज्ञाचा सहभाग असलेल्या समितीने तो विजेने पोळलेला जमिनीवरचाच दगड ठरवला. पुढे २६ एप्रिल १८०३ रोजी लेगल गावाजवळ हजारो दगड कोसळले. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ज्यां-बाप्तिस्त बियो तिथे गेला, गावोगावच्या साक्षी ताडून पाहिल्या, आणि शेतकरी खरे ठरले. आपलं लोणार तरी वेगळं कुठे आहे? हे विवर ज्वालामुखीचं, असं अनेक वर्षं मानलं गेलं. १९७३मध्ये तिथल्या खडकांत प्रचंड आघाताने बनणारी काच सापडल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा अशनीपाताची बाजू भक्कम झाली.

परग्रहवासीयांशी प्रत्यक्ष भेटीचे दावे मात्र अधिक नाजूक असतात. सप्टेंबर १९६१मध्ये न्यू हॅम्पशायरच्या रस्त्यावर आपल्याला यानात नेलं गेलं, असं बेटी आणि बार्नी हिल हे जोडपं सांगे. त्यांना संमोहित करून हे वर्णन ऐकणारे डॉक्टर बेंजामिन सायमन यांचंच मत असं झालं, की त्याचं मूळ बेटीच्या स्वप्नांत आहे. संमोहनातली आठवण हा पुरावा धरता येत नाही, कारण त्या अवस्थेत मन रिकाम्या जागा भरून काढतं. हार्वर्डचे रिचर्ड मॅकनॅली यांनी २००४मध्ये अशा दहा दावेदारांना त्यांच्याच हकिगती ऐकवल्या. त्यांच्या शरीराच्या प्रतिक्रिया भीषण आघातातून गेलेल्या माणसांइतक्या तीव्र होत्या. भीती अस्सल होती. अशा अनेक हकिगतींच्या मुळाशी मॅकनॅलींना झोपेतून अर्धवट जाग येऊन शरीर जखडल्याचा अनुभव दिसला.

हा अनुभव वऱ्हाडातही अनेकांना येतो. रात्री छातीवर कोणी बसलं, हाक मारावी तर तोंडातून शब्द फुटेना, असं सांगणारं माणूस गावोगाव भेटतं. अमेरिकेत अशा वेळी परग्रहवासी दिसतो, इकडे भूत किंवा हडळ. अशा माणसाला हसलं, की ते गप्प होतं आणि मग मांत्रिकाच्या दारी जातं. तिथे त्याचे पैसे जातात, कधी जीवही. हे रोखण्यासाठीच महाराष्ट्राने २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला.

परग्रहावर जीव असू शकतो, हे मानायला विज्ञानाची हरकत नाही. पृथ्वीबाहेरून सूक्ष्मजीव येतात का, हे तपासायला खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली २००५मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. त्यांत जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्या. आयुष्यभर या शक्यतेचा पाठलाग करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या हाती एवढं लागूनही, ते जिवाणू पृथ्वीबाहेरचेच असल्याचं यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असं २००९मध्ये निष्कर्ष जाहीर करताना स्पष्ट सांगितलं गेलं.

शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात प्रश्नांवर प्रश्न विचारून श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. तीच रीत इथे हवी. किती वाजता दिसलं? कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेला गेलं? किती वेळ टिकलं? आवाज आला का, आणि प्रकाशानंतर किती वेळाने? आणखी कोणी पाहिलं? रात्रीचा प्रसंग असेल तर झोप लागली होती का? अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांतल्या भौतिकशास्त्र विभागांनी अशा नोंदी ठेवायला सुरुवात केली, तर खर्च एका वहीचा आहे. दोन गावांहून नोंदलेल्या दिशा आणि उंचीचे कोन जुळवले, की वस्तू किती उंचीवर होती याचा हिशेब पदवीचा विद्यार्थीही मांडू शकतो.