वकिलांना प्रश्न विचारू या

मुलांनो, न्यायालय म्हटले की पुष्कळांना भीती वाटते. ती घालवायची असेल, तर गुरुजींनी एखाद्या वकिलांना वर्गात बोलवावे. पण भाषण नको, मुलाखत हवी. भाषण आपण नुसते ऐकतो. मुलाखतीसाठी मात्र स्वतः विचार करावा लागतो.

प्रश्न मुलांनीच लिहावेत. वकील होण्यासाठी किती शिकावे लागते? बारावीनंतर पाच वर्षे. गरिबाने वकील कोठून आणावा? १९८७ च्या कायद्याप्रमाणे गरिबांना, स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो. हे घरी सांगितले, तर एखाद्या शेजाऱ्याचेही काम होईल.

मराठीत कसे विचारावे, ही काळजी नको. वकील, फिर्याद, दावा, तारीख हे शब्द उर्दूत आहेत, तसेच मराठीतही आहेत. आपला धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हा सरकारी कामकाज उर्दूत चाले. म्हणून जमिनीचे जुने कागद उर्दूत सापडतात. आज जिल्ह्यातील न्यायालयांत मराठी चालते. दोन्ही भाषा जाणणारा वकील येथे फार उपयोगी पडतो.

तो वकील उद्या तुमच्यापैकीच कोणी का नसावा?