धूर शहराचा, धाप गावाची

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण राज्यमंत्र्यांनी राज्यसभेत एका लेखी उत्तरात असे सांगितले की, हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक वाढणे आणि फुफ्फुसांचे विकार होणे यांत थेट संबंध प्रस्थापित करणारी निर्णायक आकडेवारी उपलब्ध नाही. श्वसनविकारांना चालना देणाऱ्या घटकांपैकी प्रदूषण हा एक घटक आहे, अशी पुस्ती त्या उत्तराला जोडलेली होती. पण सरकारी भाषेत पुस्तीला किंमत नसते. किंमत असते ती नकाराला, कारण नकाराच्या आधारे जबाबदारी टाळता येते.

हे उत्तर मी पालमला वाचले. पालम हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. येथे कारखान्यांच्या चिमण्यांची गर्दी नाही की मोटारींच्या रांगा नाहीत. मग शहरी हवेच्या प्रदूषणावर बोलण्याचा या गावाला अधिकार काय, असे कोणी विचारील. तो अधिकार आमच्या गल्लीतील एका गृहस्थांनी स्वतःच्या फुफ्फुसांची किंमत मोजून मिळवून दिला आहे. त्यांचे वय पन्नाशीच्या थोडे पुढे. वीस वर्षे त्यांनी मुंबईत व नवी मुंबईत बांधकामांवर बिगारी म्हणून काढली. सिमेंटची पोती वाहिली, फरश्या कापल्या, जुन्या चाळी पाडल्या आणि रात्री हमरस्त्याच्या कडेला पत्र्याच्या खोपटात अंग टाकले. आज त्यांना घरापासून बसस्थानकापर्यंत जाताना वाटेत दोनदा खाली बसावे लागते. आडवे झाले की छातीत घरघर सुरू होते, म्हणून ते भिंतीला टेकून रात्र काढतात. भेटले की म्हणतात, "सर, दम पुरत नाही बघा." डॉक्टरांनी त्यांच्या कागदावर सी.ओ.पी.डी., म्हणजे श्वासनलिकांचा कायमचा अवरोध, असे लिहून दिले आहे. गावात त्याला दमाच म्हणतात.

मंत्रिमहोदयांना हवी असलेली आकडेवारी या गृहस्थांच्या छातीत आहे. ती मोजण्याची व्यवस्था कोणी केलेली नाही, आणि जे मोजलेच नाही ते उपलब्ध नाही असे सांगणे सोपे असते. शहराच्या हवेचा खरा खर्च शहराच्या हिशेबात येत नाही, तो गावाच्या माथी मारला जातो, आणि मग तो खर्च झालाच नाही असे संसदेत सांगितले जाते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम पुराव्याचा प्रश्न घेऊ. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडन शहर कोळशाच्या धुराने व धुक्याने कोंडले गेले. तेव्हाच्या अंदाजानुसार नेहमीपेक्षा सुमारे ४,००० माणसे अधिक दगावली. पुढील संशोधकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. मृतांमध्ये छातीचा जुना विकार जडलेल्यांची संख्या मोठी होती. ब्रिटिश पार्लमेंटने १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा केला. निर्णायक आकडेवारीची वाट पाहत त्यांना सत्तर वर्षे बसावेसे वाटले नाही.

पण लंडनपर्यंत जाण्याची गरज काय? मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील कमी-अधिक प्रदूषित वस्त्यांची व ग्रामीण वस्तीची तुलना करून शहराच्या हवेचा छातीवर होणारा परिणाम नोंदविला होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा सहभाग असलेल्या अभ्यासाने सांगितले की, देशातील सी.ओ.पी.डी.च्या रुग्णांची संख्या १९९० मधील २.८१ कोटींवरून २०१६ मध्ये ५.५३ कोटींवर गेली. यात लोकसंख्यावाढीचा व वाढत्या आयुर्मानाचा वाटा आहे, हे मान्य. परंतु या रोगाच्या एकूण भारापैकी ५३.७ टक्के भार घरातील व बाहेरील दूषित हवेमुळे, २५.४ टक्के तंबाखूमुळे आणि १६.५ टक्के कामाच्या ठिकाणच्या धोक्यांमुळे येतो, असेही त्याच अभ्यासाने दाखविले. २०१९ मध्ये देशात दूषित हवेमुळे १६.७ लाख मृत्यू झाले, हा अंदाजही याच परिषदेच्या सहभागातून आलेला. ही परिषद केंद्र सरकारचीच आहे. तेव्हा एका खात्याने मोजायचे आणि दुसऱ्या खात्याने ते निर्णायक नाही म्हणायचे, असा हा कारभार आहे. सिगारेटच्या कंपन्यांनी कर्करोगाच्या बाबतीत अनेक दशके हाच 'निर्णायक' शब्द ढालीसारखा वापरला होता.

ज्याची फुफ्फुसे आधीच जायबंदी आहेत त्याच्यावर दूषित हवा काय परिणाम करते, हे समजण्यासाठी मोठ्या विद्वत्तेची आवश्यकता नाही. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहूनही बारीक असलेले कण नाकात वा घशात अडत नाहीत; ते थेट फुफ्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. निरोगी माणसाला खोकला येतो आणि तो विसरून जातो. रुग्णाच्या श्वासनलिका मात्र आधीच सुजलेल्या व कफाने अरुंद झालेल्या असतात. सूज आणखी वाढली की आत घेतलेली हवा बाहेर पडत नाही, ती छातीत कोंडते, ओठ निळे पडतात आणि रुग्णाला रात्री-अपरात्री रुग्णालय गाठावे लागते. अशा प्रत्येक उसळीनंतर फुफ्फुसांची काही ताकद कायमची जाते. हिवाळ्यात वारा मंदावतो, धूर व धूळ जमिनीलगत साचून राहते, आणि या लोकांची परीक्षा सुरू होते. सूक्ष्म कणांचे वार्षिक प्रमाण घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. आपल्या देशाने २००९ मध्ये ठरविलेली मर्यादा ४० आहे. म्हणजे आपले सरकार ज्याला चांगली हवा म्हणते तीसुद्धा या मापाने आठपट घाण आहे.

हवा सर्वांची सारखीच, श्रीमंतालाही तीच व गरिबालाही तीच, असे एक गोड विधान नेहमी केले जाते. माहुलकडे पाहिले म्हणजे त्याचा फोलपणा कळतो. चेंबूर-तुर्भ्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांना आणि रसायनांच्या टाक्यांना लागून असलेल्या या गावी २०१३ मध्ये के.ई.एम. रुग्णालयाने पाहणी केली, तेव्हा सुमारे ६७ टक्के रहिवाशांनी महिन्यातून तीनहून अधिक वेळा धाप लागते, अशी तक्रार नोंदविली. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये येथील हवा आरोग्यास धोकादायक असल्याचे मान्य केले. आणि हे माहीत असताना २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून उठविलेली हजारो कुटुंबे याच माहुलच्या इमारतींत नेऊन टाकण्यात आली! सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणखी कोणालाही तेथे सक्तीने पाठवू नये, आणि इतरत्र जाण्यासाठी कुटुंबांना दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे, असा आदेश दिला. २०२५ मध्ये महापालिकेने तेथील रिकामी घरे स्वतःच्याच खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांना विक्रीस काढली. कोणती फुफ्फुसे कोणत्या हवेत ठेवायची, हे आपल्याकडे वाऱ्याची दिशा ठरवीत नाही. माणसाची ऐपत ठरविते.

बांधकामांचेही तसेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा फारच बिघडली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने नियमावली काढली. उंच इमारतींच्या कामाभोवती ३५ फूट उंच पत्र्यांचे कुंपण घालावे, पाणी फवारावे, राडारोडा झाकून न्यावा, असे त्यात सांगितले आहे. नियम योग्यच आहेत. पण पत्रा धूळ नाहीशी करीत नाही. तो तिला आत कोंडतो. पत्र्याच्या बाहेर नागरिक असतो आणि आत मजूर. मजुरांनी मुखपट्टी वापरावी असेही कलम आहे. ते कलम मुकादमाच्या खिशात किती वेळ राहते, हे आमच्या गावच्या कोणत्याही बिगाऱ्याला विचारावे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस भायखळा व बोरिवली पूर्व येथील सर्व बांधकामे महापालिकेने थांबविली. हवेसाठी ते आवश्यक होते. त्या दिवसांची मजुरी मात्र कोणाच्या आदेशात नव्हती. 'निर्देशांक वाढला आहे, छातीच्या रुग्णांनी घराबाहेर पडू नये', हा सल्ला दरवर्षी प्रसृत होतो. घरात राहिल्यावर ज्याची चूल पेटते त्याला तो उपयोगी आहे. रोजंदारीवरच्या दमेकऱ्याने काय करावे?

अर्थशास्त्राच्या अध्यापनात माझे आयुष्य गेले. पिगू यांनी १९२० मध्येच कारखान्याच्या धुराचे उदाहरण घेऊन खाजगी खर्च व सामाजिक खर्च यांतील अंतर दाखविले होते. १९५० मध्ये कॅप यांनी पुढे जाऊन सांगितले की, हे अंतर अपवादात्मक नाही. खर्च दुसऱ्यावर ढकलणे हा खाजगी उद्योगाच्या रचनेचाच भाग आहे. बांधकाम व्यावसायिकाच्या चौरस फुटाच्या दरात सिमेंट येते, लोखंड येते, पत्रेही येतात. बिगाऱ्याचे फुफ्फुस येत नाही. १९७२ च्या दुष्काळात मी बारा-तेरा वर्षांचा होतो. तेव्हा मराठवाड्यातून मुंबईकडे निघालेली माणसे मी पाहिली आहेत, आणि गंगाखेडच्या स्थानकावरून पनवेलच्या गाडीत चढणारी त्यांची नातवंडे आजही पाहतो. हिशेब साधा आहे. मुलाला अठरा वर्षे वाढविण्याचा खर्च गाव करते. त्याची उमेदीची तीस वर्षे शहर वापरते. आणि छाती निकामी झाली की त्याला सांभाळण्याचा खर्च पुन्हा गावाच्या, बहुधा त्याच्या पत्नीच्या व मुलाच्या, अंगावर येतो. शहराच्या समृद्धीला दिलेले हे अनुदान कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

शहराच्या रोगनोंदीतही तो दिसत नाही, कारण आजारी पडला तेव्हा तो तेथे नव्हता. आमच्या तालुक्याच्या नोंदीत दिसला तरी त्याचा धूर दिसत नाही, कारण 'वीस वर्षे कोठे काम केलेत?' हा प्रश्न केसपेपरवर नाही. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मराठवाड्यातील तेव्हाचे औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), जालना व लातूर ही शहरे आहेत, परभणी नाही. हवा मोजणाऱ्या केंद्रांच्या आकड्यांवरून शहरे निवडायची, म्हणजे जेथे मोजमाप नाही तेथे प्रदूषणही नाही!

यावर एक आक्षेप हमखास येतो: हे लोक विड्या ओढतात आणि त्यांच्या घरात चुलीचा धूर असतो, शहराला दोष कशाला? आक्षेप अर्धा खरा आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. चुलीच्या धुराने आमच्या स्त्रियांची फुफ्फुसे जळतात, हे सत्य आहे; सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल पुन्हा पेटते, हेही सत्य आहे. आमच्या गृहस्थांनी तरुणपणी विडी ओढली, हे ते स्वतः सांगतात. परंतु पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये पीटर बार्न्स यांच्यासमवेत लिहिलेल्या लेखात, कधीही धूम्रपान न केलेल्यांमध्ये हा रोग किती आढळतो, हे जगापुढे मांडले. आणि समजा, विडीने फुफ्फुस अर्धे बिघडले. म्हणून उरलेले अर्धे बिघडविण्याचा परवाना ठेकेदाराला मिळतो काय? दुबळ्या छातीच्या माणसाला अधिक स्वच्छ हवा हवी, असाच त्याचा अर्थ होतो.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दीर्घकालीन श्वसनविकाराच्या रुग्णाची फुंकर-चाचणी व्हावी आणि त्याने कोणत्या शहरात, कोणते काम, किती वर्षे केले याची नोंद सक्तीची व्हावी. मंत्रिमहोदयांची आकडेवारी तेथून मिळेल. दुसरी, महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो. या रोगात तर दाखल होण्याची वेळ टाळणे हेच उपचाराचे मर्म आहे. श्वासातून घेण्याची औषधे, ज्यांना आपले लोक 'पंप' म्हणतात, ती तालुक्याच्या ठिकाणी अखंड व विनामूल्य मिळाली पाहिजेत. तिसरी, १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर सुरू झालेला व नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम राहिलेला उपकर मजुरांचा आहे. धुळीने आजारी झालेल्यांसाठी राजस्थानने २०१९ मध्ये धोरण केले आणि सिलिकोसिसचे निदान प्रमाणित होताच ३ लाख रुपये देऊ केले. महाराष्ट्राने ते सी.ओ.पी.डी. झालेल्या बांधकाम मजुरांनाही लागू करून करावे आणि गावी परतलेल्यांना नोंदणीच्या कागदांसाठी अडवू नये. चौथी, हवेपायी काम थांबेल त्या दिवसांची मजुरी याच उपकरातून मिळावी. दिल्ली परिसरातील राज्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तसे आदेश दिले आहेत. मुंबईचा मजूर त्याला अपवाद का?

हे दान नव्हे, थकलेली मजुरी आहे. ती मागण्यासाठी शहरातील कामगार संघटनांनी आणि आमच्यासारख्या तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी एकत्र बसले पाहिजे, कारण रोग एका ठिकाणी लागतो आणि भोगला जातो दुसऱ्या ठिकाणी. पालमपासून सुरुवात करता येईल. शाळेच्या दोन खोल्या, चार तरुण डॉक्टर, एक फुंकर-यंत्र आणि एक वही, एवढे पुरे आहे. आमच्या गल्लीतील गृहस्थांनी पहिले नाव आपले लिहावे असे सांगून ठेवले आहे.