ऊन पाणी कोणाच्या खर्चाने?

ब्रिटनमधील एखाद्या गावात जानेवारी महिन्यात सकाळी आठ वाजता पुरते उजाडलेलेही नसते. पारा शून्याच्या आगेमागे असतो. अशा वेळी घरोघरच्या खिडक्यांच्या काचा धुणारा माणूस आपली व्हॅन रस्त्याच्या कडेला उभी करतो, नळीचे वेटोळे उलगडतो आणि कामाला लागतो. अंधार पडेपर्यंत त्याचे हात ओले राहणार असतात. या व्यवसायातील लोकांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे चालत आलेला आहे : थंडीच्या दिवसांत काचा धुण्याचे पाणी तापवावे की नाही? तापवावे असे म्हणणारे सांगतात, ऊन पाण्याने काच अधिक स्वच्छ निघते. तापवू नये असे म्हणणारे उत्तर देतात, काच गार पाण्यानेही तितकीच स्वच्छ होते, मग इंधन का जाळावे? वाद काचेभोवती फिरत राहतो. ज्या हातांनी ती काच धुतली जाते, त्या हातांना गारठा सोसत नाही, एवढे एकच कारण पाणी तापवण्यास पुरेसे आहे, असे मात्र कोणी ठामपणे म्हणत नाही. हा प्रश्न एका लहानशा परदेशी धंद्याचा असला, तरी त्यात श्रमाकडे पाहण्याची जी दृष्टी दडलेली आहे ती आपल्याला परकी नाही. म्हणून त्याचा थोडा तपशिलात जाऊन विचार करणे आम्हांला आवश्यक वाटते.

पूर्वी हे काम शिडी, बादली, ओले फडके आणि रबरी पट्टी यांवर चाले. हिवाळ्यात कोणा भल्या गृहिणीने स्वयंपाकघरातील नळाचे ऊन पाणी बादलीत ओतून दिले, तर चार खिडक्या होईपर्यंत ते गार होई. बादलीतले पाणी गोठू नये म्हणून त्यात स्पिरिट मिसळण्याची युक्तीही जुनी आहे. २००५ साली ब्रिटनमध्ये उंचीवरील कामासंबंधीचे नियम आले. उंचीवर चढणे टाळता येण्यासारखे असेल तर ते टाळावे, हे तत्त्व त्यांनी घालून दिले, आणि शिडीची जागा लांब दांड्याने घेण्याची प्रक्रिया वेगाने पुढे गेली. दांड्याच्या टोकाला ब्रश असतो आणि व्हॅनमधल्या टाकीतून नळीने आलेले पाणी त्यातून काचेवर पडते. हे पाणी साधे नसते. त्यातील क्षार गाळणी आणि रसायनी मण्यांच्या साहाय्याने जवळजवळ पूर्णपणे काढून टाकलेले असतात. त्यामुळे काच पुसावी लागत नाही. ती आपोआप वाळते आणि तीवर डागही राहत नाही. शिडीवरून पडून हातपाय मोडण्याचा, प्रसंगी प्राण जाण्याचा धोका या साधनाने कमी केला, हे निर्विवाद आहे. पण त्याच साधनाने कामगाराचा पाण्याशी असलेला संबंध वाढवला. दांड्यावरून ओघळ मनगटाकडे उतरतो, हातमोजा भिजतो, बाही भिजते. ओली नळी हातांनीच ओढावी आणि गुंडाळावी लागते. थंडीत ती ताठर होते, आणि पारा शून्याखाली गेला की तिच्या आतच बर्फ धरू लागतो.

म्हणून पाणी तापवण्याच्या सोयी निघाल्या. काही जण रात्री टाकीत विजेची कांडी सोडून ठेवतात. काही जण व्हॅनमध्ये डिझेलवर किंवा गॅसवर चालणारा तापक बसवून घेतात आणि पाणी वाहतावाहताच तापवतात. यासाठी किती उष्णता लागते याचा हिशेब शाळेतील पदार्थविज्ञानाचा आहे. ४०० लिटर पाणी ५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत न्यायचे तर सुमारे १६ युनिट वीज लागते. घरातील साध्या जोडणीवर चालणाऱ्या तीन किलोवॅटच्या कांडीला त्यासाठी साडेपाच तास हवेत. मिनिटाला दोन लिटर वाहणारे पाणी ५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे पाच किलोवॅट क्षमतेचा तापक अखंड चालावा लागतो, आणि त्याला तासाला अर्ध्या लिटरहून थोडे अधिक डिझेल लागते. शिवाय थंड जमिनीवर पसरलेल्या लांब नळीतून जाताना या उष्णतेचा मोठा भाग वाटेतच हरवतो. यंत्राची किंमत, बसवणूक आणि देखभाल वेगळीच. ज्याचे उत्पन्न दारोदारच्या लहान लहान रकमांवर उभे आहे, त्याला हा खर्च हलका नाही.

आता ऊन पाण्याने काच खरोखर अधिक स्वच्छ होते काय, हा प्रश्नही प्रामाणिकपणे पाहू. स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा तेलकटपणा, पक्ष्यांची वाळलेली विष्ठा, वर्षानुवर्षे हात न लागलेली चौकट यांवर ऊन पाणी लवकर काम करते, हे खरे आहे. परंतु ज्या काचा दर महिन्या-दीड महिन्याला धुतल्या जातात, त्यांवरची धूळ शुद्ध गार पाण्यानेही निघते, कारण तेथे मुख्य काम क्षारविरहित पाणी आणि ब्रशचे घर्षण करीत असतात. उलट, फार कढत पाणी गोठलेल्या काचेवर टाकणे धोक्याचे आहे. साध्या काचेच्या दोन भागांत सुमारे ४० अंशांचा फरक पडला की ती तडकू शकते. तेव्हा केवळ काचेच्या बाजूने निवाडा करायचा तर पाणी तापवण्याच्या विरुद्ध बाजूलाही बळ आहे. आणि नेमके येथेच आमचे म्हणणे सुरू होते. ऊन पाण्याचे समर्थन करणारा कामगार काचेची साक्ष काढतो, कारण स्वतःच्या हातांची साक्ष कोणी मानणार नाही हे त्याला ठाऊक असते. ग्राहकाला लाभ होत असेल तर ते साधन ठरते. केवळ कामगाराला लाभ होत असेल तर ती चैन ठरते. ही वर्गवारी एवढी अंगवळणी पडलेली आहे की खुद्द श्रमिकही तिच्याच भाषेत बोलतो.

वास्तविक ओल्या थंडीचा हातांवर होणारा परिणाम ही नाजूकपणाची बाब नव्हे. पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने शरीरातील उष्णता ओढून घेते. बोटांतील रक्तवाहिन्या आकसतात, स्पर्श बधिर होतो, पकड सैल होते. बोटे सुजून लाल होतात आणि त्यांना जीवघेणी खाज सुटते. ज्यांना रेनॉचा विकार आहे त्यांची बोटे पांढरीफटक पडतात. थंडी आणि ओल यांचा मारा दीर्घकाळ चालू राहिला तर बर्फ न धरताही मज्जातंतूंना इजा होऊ शकते, आणि ती पुढे वर्षानुवर्षे थंडी पडली की डोके वर काढते. हाताच्या कसबावर जगणाऱ्या माणसाची ही भांडवली हानी आहे. परंतु ती कोणत्याच जमाखर्चात लिहिली जात नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? ब्रिटनमध्ये १९९२ साली कामाच्या जागांसंबंधी आरोग्य, सुरक्षा व कल्याणाचे नियम करण्यात आले. त्यांच्या सोबतच्या अधिकृत मार्गदर्शनानुसार इमारतीच्या आतील तापमान सामान्यतः किमान १६ अंश असावे. काम फार अंगमेहनतीचे असेल तर १३ अंश. याच नियमांत हात धुण्यासाठी ऊन वा कोमट पाणी मिळाले पाहिजे असे म्हटले आहे. खिडक्यांची रचना त्या सुरक्षितपणे धुता येतील अशी असावी, हेही म्हटले आहे. म्हणजे एकाच काचेच्या आतल्या अंगाला बसून कारकुनी करणाऱ्याला १६ अंशांचा आधार आहे आणि हात धुण्यापुरते कोमट पाणीही आहे. त्याच काचेच्या बाहेरच्या अंगाला उभे राहून दिवसभर पाण्यात हात घालणाऱ्याला मात्र ठरावीक अंशांचा असा कोणताच आधार नाही, कारण उघड्यावरील कामासाठी किमान तापमान ठरवलेलेच नाही. कारकुनाचा आधार काढून घ्यावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तो संघटित कामगारांच्या दीर्घ झगड्याचे फळ आहे. प्रश्न आहे तो हा झगडा काचेशी येऊन का थांबला, हा.

याचे एक उत्तर या धंद्याच्या रचनेत आहे. घरोघर जाऊन काचा धुणारे बहुतेक जण एकेकटे, स्वतःच्या जबाबदारीवर काम करतात. कागदोपत्री ते स्वतःच स्वतःचे मालक. संरक्षक साधने पुरवण्याचे मालकांचे कर्तव्य ब्रिटनने २०२२ साली कायम नोकरीत नसलेल्या काही कामगारांपर्यंत वाढवले, पण खरोखर स्वतंत्र धंदा करणारा त्याच्याही बाहेर राहिला. आजारी पडला तर नोकरदाराला मिळणारे आजारवेतन त्याला नाही. कडाक्याच्या थंडीत काम बंद ठेवले तर त्या दिवसाची कमाई बुडते, आणि ठेवले नाही तर पायरीवर सांडलेले पाणी गोठून कोणी घसरल्यास दोष त्याच्याच माथी येतो. त्याच्या श्रमाचा लाभ घेणारी घरे पुष्कळ, पण मालक म्हणून उभे राहील असे त्यांतले एकही नाही. या स्थितीला स्वातंत्र्य म्हणतात. त्यात धोका पत्करण्याचे स्वातंत्र्य पुरेपूर आहे, यात शंका नाही.

खर्च जेव्हा एकट्या माणसावर येतो, तेव्हा तो स्वस्तातील मार्ग शोधतो, आणि त्यातून नवे धोके जन्माला येतात. उघड्या जागेसाठी बनवलेला गॅसचा तापक बंदिस्त व्हॅनमध्ये बसवला तर कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला सावध होण्याची संधी देत नाही. कोमट पाणी टाकीत दिवसेंदिवस राहिले तर लिजिओनेला जिवाणूंची वाढ होऊ शकते. १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे झालेल्या साथीनंतर ओळखला गेलेला हा जिवाणू २० ते ४५ अंशांच्या दरम्यान जोमाने वाढतो. पाणी शुद्ध करताना त्यातील क्लोरीनही निघून गेलेले असल्यामुळे येथे अधिक काळजी घ्यावी लागते. नीट बनवलेले यंत्र, नीट बसवणूक आणि वेळच्या वेळी रिकामी करून धुतलेली टाकी यांनी हे सारे टळते. परंतु त्यालाही पैसा आणि सवड लागते.

इंधनाच्या उधळपट्टीचा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. पृथ्वीचे तापमान वाढत असताना गार हवेत सोडून देण्यासाठी डिझेल जाळणे डोळस माणसाला खटकेलच. पण उष्णतेचा हा काटकसरीचा हिशेब खिडकीच्या बाहेरच का सुरू व्हावा? ज्या घराची काच धुतली जात आहे ते घर आतून दिवसभर तापवलेले असते, आणि त्या उष्णतेला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. शिवाय मार्ग एकच नाही. पाणी हाताला सुसह्य होईल इतकेच तापवावे, पाणी आत न शिरणारे हातमोजे मिळावेत, कडाक्याच्या दिवसांत काम पुढे ढकलण्याची मुभा असावी आणि त्या दिवसांची भरपाई वर्षाच्या दरात धरलेली असावी. यांपैकी काहीही केले तरी त्याचा खर्च कामाच्या मोबदल्यात उघडपणे मोजला गेला पाहिजे, हे आमचे मुख्य म्हणणे आहे. ब्रश आणि दांडा जसा कामाचा खर्च, तसाच हात शाबूत ठेवणे हाही कामाचाच खर्च.

अनेक घरांचा एक कामगार आणि जबाबदार मात्र कोणीच नाही, हे कोडे महाराष्ट्राला नवे नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याचे एक उत्तर दिले. मालक बदलत राहिले तरी हमालाची नोंद मंडळाकडे राहावी, आणि श्रम घेणाऱ्याने मजुरीवर ठरावीक आकार भरून त्याच्या कल्याणाचा भार उचलावा. विखुरलेल्या श्रमाचीही सामूहिक जबाबदारी घेता येते, हे त्यातून दिसून आले. परंतु ज्या राज्याने हे दाखवून दिले, त्याच राज्यातील आपल्या घरांत काय दिसते? निफाड-नाशिककडे पौष महिन्यात पारा अनेकदा एक आकडी होतो. पहाटे घरात गिझर सुरू असतो, सर्वांची आंघोळ ऊन पाण्याने होते, आणि थोड्या वेळाने भांडी घासायला येणाऱ्या बाई गच्चीवरच्या टाकीतून आलेल्या, बोटे बधिर करणाऱ्या पाण्यात हात घालतात. घरेलू कामगारांसाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, हे चांगलेच झाले. पण मोरीतले पाणी ऊन असावे की गार, हे ठरवायला मंडळ येणार नाही. ते घरमालकालाच ठरवायचे आहे.

दहा लिटरची एक बादली १८ अंशांवरून ३८ अंशांपर्यंत तापवायला पाव युनिटाहूनही कमी वीज लागते. तेव्हा आड येतो तो खर्च नव्हे. ऊन पाणी आपल्याला गरज वाटते आणि दुसऱ्यासाठी ते औदार्य वाटते, ही आपली सवय आड येते. ब्रिटनमधील काचा धुणाऱ्याला आपल्या गारठलेल्या हातांसाठी काचेची साक्ष काढावी लागते. आपल्याकडील बाईंना तेवढीही सोय नाही, कारण गार पाण्यानेही भांडी लख्ख निघतात. कायदे आणि मंडळे यांसाठी झगडावे लागेलच, आणि तो झगडा लांबचा आहे. परंतु उद्या सकाळी मोरीतला ऊन पाण्याचा नळ त्यांच्यासाठी सोडायला, नळ नसेल तर एक बादली तापवून ठेवायला, कोणत्याही अधिनियमाची वाट पाहण्याचे कारण नाही. मात्र ते उपकार म्हणून करू नये. त्यांच्या कामाचा तो एक भाग आहे, आणि आजवर आपण तो चुकता केलेला नाही, असे समजून करावे.